अकरा गणपतींचे डोळे

माझ्या कामाबद्दल कुणी विचारलं की माझं एक ठरीव उत्तर असतं. प्लास्टरच्या आकारांवर फोटो चढवायची कल्पना कशी सुचली? मी म्हणतो, शिकलो शिल्पकला आणि नोकरी मिळाली फोटो स्टुडिओत, मग दोन्ही हातांना काम मिळावं म्हणून केलं. लोक हसतात, काही जण लिहूनही घेतात. उत्तर खोटं नाही, पण अर्धवट आहे, आणि अर्धवट सांगून सुटायची मला जुनी सवय आहे. उरलेली गोष्ट जोगेश्वरीत आमच्या चाळीशेजारच्या मांडवात घडली. ती आज लिहितो आहे. लिहून काही भरपाई होईल अशी माझी समजूत नाही.

बाबा गिरणीत होते. त्यांच्या गावच्या घरी गणपतीची शाळा होती. शाळा म्हणजे मूर्ती घडवायची जागा. कोकणात तिला शाळाच म्हणतात. पोट भरायला बाबा मुंबईला आले, पण येताना शाळा बरोबर घेऊन आले. आषाढ लागला की चाळीच्या बाजूला ताडपत्रीचा मांडव पडायचा, शाडूची पोती यायची, आणि पाळी संपवून आलेले बाबा जेवण उरकून थेट मांडवात जाऊन बसायचे. आजूबाजूच्या चाळींतली आमच्याकडची माणसं आपापल्या घरचे पाट आणून द्यायची. पाट दिला की गणपती सांगितला. त्याच पाटावर बाबा मूर्ती घडवायचे आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी ज्याचा पाट त्याच्या घरी तोंड झाकून जायचा. चाळीस-बेचाळीस पाट असायचे. मांडवात ते रांगेने मांडलेले असायचे, मागे खडूने खुणा केलेल्या. बाबांना खुणांची गरज नव्हती. पाटाच्या कडेला झिजलेला कोपरा बघून ते सांगायचे, हा कोणाच्या घरचा.

माती मळणं, अंग लिंपणं, पीतांबराचा पिवळा भरणं ही कामं आई करायची, मी करायचो, बाबांचे गिरणीतले एक मित्र यायचे ते करायचे. डोळे मात्र बाबांचे. त्याला आखणी म्हणतात. आखणीच्या दिवशी बाबा सकाळी अंघोळ करून, चहाशिवाय काही न घेता बसायचे. मांडवात कोणी शीळ घालायची नाही, मोठ्याने बोलायचं नाही. आधी डोळ्याची जागा पांढरी करून ठेवलेली असे. मग खारीच्या केसांच्या ब्रशाने वरच्या पापणीची रेघ, मग खालची, मग बुबुळ. आणि सगळ्यात शेवटी बुबुळात एक पांढरा ठिपका.

त्या ठिपक्याचा नियम होता. ठिपका पडेपर्यंत ती माती. रेघ वाकडी गेली, बुबुळ तिरकं झालं, तर ओल्या कापसाने पुसायचं आणि पुन्हा काढायचं, हरकत नाही. ठिपका पडला की डोळे उघडले. मग कितीही चुकलेलं असो, पुसायचं नाही. बाबा हा नियम मला लहानपणापासून सांगत आले. मला तो श्लोकासारखा पाठ होता. पाठ असणं आणि ध्यानात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मला ते ब्रशाला हात लावू द्यायचे नाहीत. दहावी होऊ दे, मग शिकवतो, म्हणायचे. दहावी झाली. मी शहरातल्या कलाशाळेत जायला लागलो आणि हातखर्चाला म्हणून अंधेरीच्या एका फोटो स्टुडिओत संध्याकाळचं काम धरलं. मालक भला माणूस, जुना कॅमेरा सुट्टीच्या दिवशी घरी न्यायला द्यायचा. त्या वर्षी आखणीला बाबांनी मला पहिल्यांदा शेजारी बसवलं. मी कॅमेरा घेऊनच बसलो.

"बघतंस मां रे?" बाबा मधूनच विचारायचे, मान न वळवता.

"हो, बघतोय ना," मी म्हणायचो आणि फोकस लावायचो.

खोटं नव्हतं तेही. मी बघतच होतो. प्रत्येक गणपतीचे डोळे पुरे झाले की समोरून, जवळून, एक फोटो. विसर्जनानंतर उरतं काय, असं माझं म्हणणं, आणि त्याचा मला अभिमानही होता. बाबांना ते आवडायचं. मुलगा काम टिपून घेतोय, म्हणजे काम शिकतोय, असं त्यांनी धरलं असावं. मी तो समज मोडला नाही. असे सहा हंगाम गेले. निगेटिव्हची पाकिटं मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत गेलो, वर्ष घालून.

मधल्या काळात गिरण्यांचा संप झाला. त्याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय, मी काय नवीन सांगणार. आमच्या घरापुरतं एवढंच की भोंग्यावर उठणारा माणूस दुपारी झोपायला लागला. आमच्या चाळीत तेव्हा दुपारी दोन वाजता चांगले धडधाकट पुरुष गॅलरीत सतरंजी टाकून झोपलेले असायचे. मी त्यांचे फोटो काढले. तेव्हाच मला ती युक्ती सापडली होती: ब्रोमाइड पेपरवर फोटो छापायचा, तो औषधात भिजवायचा, म्हणजे वरचा चित्राचा पापुद्रा दुधावरच्या सायीसारखा सुटून येतो. तो सोडवून हव्या त्या गोल, खोलगट, उंचसखल आकारावर बसवता येतो. वाळला की कळतही नाही की हा फोटो आहे. मी प्लास्टरच्या सोळा उशा केल्या आणि प्रत्येक उशीवर एका झोपलेल्या माणसाचा चेहरा चढवला. कलाशाळेच्या प्रदर्शनात त्या मांडल्या तेव्हा शिक्षक गर्दी करून उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, झकास रे, हे नवीन आहे. मी आठवडाभर जमिनीवर चालत नव्हतो.

बाबा बघायला आले होते. सगळ्या उशांवरून हळूहळू फिरले. स्वतःच्या चेहऱ्याच्या उशीपाशी थांबले.

"माणसांची उशी केलंस?" म्हणाले. मग जरा वेळाने, "बरी केलंस. पण ह्यात तुझो हात खय असा?"

मी हसून सोडून दिलं. जुन्या माणसांना नवीन कळत नाही, असं मनात म्हटलं. तेव्हा मला सगळंच कळत होतं.

गिरणी पुन्हा काही धड सुरू झाली नाही. बाबांनी एका गोदामात राखणदाराचं काम धरलं. तिथे त्यांना नावानेसुद्धा कोणी ओळखत नव्हतं. वर्षातले दोन महिने मात्र ते मांडवात बसायचे, आणि तिथे बसलेले बाबा वेगळे दिसायचे. पाठ ताठ. कोणी आलं की आधी मूर्तीकडे हात जोडायचं आणि मग बाबांकडे बघायचं. आई मला एकदा म्हणाली होती, ह्येंचो गणपती असा म्हणान हे असत. मला ते तेव्हा आईचं नेहमीचं बोलणं वाटलं.

संपानंतर चौथ्या वर्षी बाबांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाची बशी वाजायची. आम्ही हसायचो, तेही हसायचे. मग आषाढ लागला आणि हसणं थांबलं. माती लिंपताना त्रास नव्हता, रंग भरतानाही नाही. आखणीला बसले आणि पहिल्याच गणपतीच्या पापणीची रेघ मध्येच उडाली. पुसली. पुन्हा उडाली. त्या दिवशी एका गणपतीला दुपार गेली. दुसऱ्या दिवशी दोन झाले.  बाबा डाव्या हाताने उजवं मनगट धरून बसायचे आणि थरथर कमी व्हायची वाट बघायचे. जराशी कमी झाली की एक रेघ. पुन्हा वाट. मी शेजारी कॅमेरा घेऊन बसलो होतो, पण त्या वर्षी मला फोटो काढवला नाही.

तरीसुद्धा होत होते हो. हळूहळू होत होते, आणि झालेले डोळे तसेच्या तसे होते, जुनेच. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं त्याला 'बाबांचा हात गेला होता' हे कारण मी स्वतःला कित्येक वर्षं देत आलो. हात गेलेला नव्हता. त्याला वेळ लागत होता.

चतुर्थीला चार दिवस राहिले तेव्हा अकरा गणपती डोळ्यांवाचून होते. अकरावा आमच्या घरचा. तो बाबा दरवर्षी सगळ्यात शेवटी आखायचे. पाट दिलेली माणसं येऊन डोकावून जायला लागली. कोणी तोंडावर काही बोलायचं नाही, पण मांडवाबाहेर मला गाठायचे. पलीकडच्या चाळीतला एक जण माझ्याच वयाचा, बँकेत लागलेला. तो म्हणाला, "राग मानू नको यार, पण वेळेत नाही झालं तर आमची वाट लागेल ना. गोवंडीला एक जण आहे, हात साफ आहे त्याचा. त्याला बोलावू का मी? पैसे मी देतो."

मी त्याला म्हटलं, एक दिवस थांब.

मांडवात दुसऱ्याचा ब्रश चालला असता तर बाबांना ते सहन झालं नसतं. हे मी नक्की ओळखलं होतं, आणि ते बरोबरच होतं. चूक त्याच्या पुढच्या पायरीला झाली.

त्याच दिवशी माझ्या ताईने बाबांना घाटकोपरला तिच्या सासरी बोलावलं होतं. तिच्या ओळखीचे एक डॉक्टर हाताच्या नसा बघायचे, मोठ्या मुश्किलीने वेळ मिळाली होती. बाबा नको म्हणत होते. आईने जबरदस्तीने तयार केलं आणि स्वतःही बरोबर निघाली. रात्री दोघांनी ताईकडेच राहून सकाळी परत यायचं ठरलं. निघताना बाबांनी अकराही मूर्तींवरून एकदा नजर फिरवली, ब्रश धुऊन फडक्यात गुंडाळला आणि खिशात घातला. मला नवल वाटलं, डॉक्टरकडे ब्रश कशाला.

"उद्या येवन बसतलंय," म्हणाले. "काळो रंग तेवढो घोटून ठेव."

मी मान हलवली. ते वळणावर दिसेनासे झाले आणि मी पत्र्याचा डबा काढला.

त्या दिवशी मी जेवढ्या हुशारीने काम केलं तेवढं पुढे कधी केलं नाही. सहा वर्षांच्या निगेटिव्हमधून अकरा जोड्या निवडल्या. कागदाच्या पट्टीने प्रत्येक मूर्तीच्या डोळ्याची लांबी, दोन डोळ्यांमधलं अंतर घेतलं आणि स्टुडिओतल्या मोठा फोटो करायच्या यंत्रावर बरोबर त्याच मापाचे फोटो छापले. मालकाला म्हटलं, घरचं काम आहे. तो म्हणाला, कर बाबा. पेपर असा निवडला की काळं ते काळं उमटेल आणि बाकीचं स्वच्छ राहील. पापुद्रा पारदर्शक असतो. काळी रेघ तेवढी दिसते, खालचा गुलाबी रंग गुलाबीच राहतो, आधी भरलेलं पांढरं पांढरंच. दुपारी घरी आलो, मांडवाचे पडदे सोडले, आणि एकेका मूर्तीवर ते डोळे ओल्या ब्रशाने सरळ करत बसवले. कडा बोटाने दाबल्या. उन्हं उतरायच्या आत अकराही झाले. मागे सरून बघितलं तर माझे मलाच हात जोडावेसे वाटले. बाबांचेच डोळे. त्यांच्या ऐन भरातले. एकाही रेघेत थरथर नाही. कोणाचा ब्रश नको, कोणाचे उपकार नकोत, बाबांची लाज राखली, गोवंडीवाल्याचा प्रश्नच मिटला. आणि काय सांगू, त्यात एक चोरटा आनंद असाही होता की आता बाबांना कळेल, माझं शिक्षण काही फुकट गेलं नाही. त्या उशांपाशी त्यांनी विचारलं होतं ना, तुझो हात खय असा? आता बघा म्हणावं.

काळा रंग मी घोटला नाही. कशाला घोटायचा?

बाबा सकाळी लवकरच आले. घरात न जाता थेट मांडवात. अंघोळ ताईकडेच करून आले होते, कपाळावर गंध होतं. त्यांच्या हातात एक बारीक वेताची काठी होती आणि तिच्या टोकाला चिंध्यांचा गोळा बांधलेला. मागून आई आली, तिच्या काखेत एका जुन्या कॅलेंडरची गुंडाळी. तिला धीर धरवत नव्हता.

"बघ रे, बघ! ह्येंनी कसे काढल्यानी!" तिने कॅलेंडर उलगडलं.

मागच्या कोऱ्या बाजूला डोळ्यांच्या पाच-सहा जोड्या होत्या. पहिल्या दोन उडालेल्या. तिसरी जरा बरी. शेवटची सरळ, स्वच्छ, एका दमात काढलेली. डॉक्टरने औषध दिलं होतं, पण खरा उपाय ताईच्या घरी बाबांनीच शोधला होता. काठी डाव्या हातात धरायची, गोळ्याचं टोक मूर्तीच्या खांद्याला टेकवायचं आणि उजवं मनगट काठीवर ठेवून रेघ ओढायची. मनगटाला टेकण मिळालं की थरथर बोटांपर्यंत जात नव्हती. संध्याकाळभर त्यांनी तेच केलं होतं. ब्रश त्यासाठीच खिशात घातला होता.

"शेवटचो बघ," आई म्हणाली. "आता अकरा म्हणजे काय, दोन दिवसांत होतत."

मी कॅलेंडर हातात धरून उभा होतो.  आईचं लक्ष मूर्तींकडे गेलं आणि ती बोलायची थांबली.

बाबांनी आधीच बघितलं होतं. ते पहिल्या मूर्तीपाशी गेले, वाकले, चष्मा वर करून बघितलं. दुसऱ्या. तिसऱ्या. मला वाटलं त्यांना कळणार नाही. कळायला त्यांना एक क्षणही लागला नाही.

"हे माझेच असत," ते म्हणाले. पाचव्यापाशी थांबले. "हे संपाच्या आदल्या वर्साचे. तेव्हा वरची पापणी मी जरा लांब घेय." सातव्यापाशी, "हे खालच्या चाळीतल्या गणपतीचे. ह्या गणपतीचो चेरो लहान असा, ह्येका हे डोळे नाय शोभत." रागाने नाही. कारागिराने कारागिराला सांगावं तसं.

मग मी बोलायला लागलो. पापुद्रा, निगेटिव्ह, गोवंडीवाला, बँकेतला तो, वेळ. सगळं एका दमात. शेवटी म्हणालो, "बाबा, काढून टाकतो. ओल्या कापसाने पाच मिनिटांत निघतील. तुम्ही बसा आखायला. मी आत्ता रंग घोटतो."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. तसं त्यांनी माझ्याकडे पुन्हा कधी बघितलं नाही, आणि बघू नये असंच मला वाटत आलंय.

"ठिपको असा मां त्यात?" ते म्हणाले.

मी अकराव्या मूर्तीकडे बघितलं. बुबुळात पांढरा ठिपका होता. फोटोत होताच तो. पुऱ्या झालेल्या डोळ्यांचेच तर मी फोटो काढत आलो होतो.

"उघडलेले डोळे पुसूचे नसतत," बाबा म्हणाले.

मी आईकडे बघितलं. तिने मान खाली घातली. मी म्हटलं, निदान घरचा तरी, बाबा, आपल्या घरचा एक तरी. त्यांनी मान हलवली. घरच्याक येगळो नियम नसता, म्हणाले. काठी त्यांनी मांडवाच्या खांबाला लावून ठेवली, खिशातला ब्रश काढून फडक्यासकट आईच्या हातात दिला आणि घरात जाऊन चहा मागितला. अकरा गणपतींचे डोळे मी एका दुपारी उघडले होते, आणि बाबांना त्या हंगामात आखायला काहीच उरलं नव्हतं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी माणसं पाट न्यायला आली. बँकेतला तो आला, गणपती बघून खूश झाला, माझ्या पाठीवर थाप मारली. गिरणीतले बाबांचे मित्र आले. त्यांचा गणपती त्या अकरांतलाच. त्यांनी रुमाल बाजूला करून डोळे बघितले आणि बाबांचा हात दोन्ही हातांत धरला.

"हात अजून तसोच असा हां तुझो," ते म्हणाले.

बाबांचा हात त्यांच्या हातात थरथरत होता. दोघांनाही ते कळत होतं.

"आता झील करता," बाबा म्हणाले.

झील म्हणजे मुलगा. एवढं बोलून त्यांनी मूर्तीवर रुमाल नीट केला. त्या वाक्यात टोमणा होता का, असं मी पुढे खूपदा स्वतःला विचारलं. टोमणा असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. पण त्यांनी खरंच सोपवलं होतं. जसं त्यांच्या वडिलांनी त्यांच्यावर सोपवलं असेल तसं. मी त्यांच्या हातातलं काम काढून घेतलं आणि त्यांनी ते मला दिलं, असं करून त्यांनी माझीच लाज राखली.

पुढच्या वर्षी मांडव पडला नाही. बाबा म्हणाले, झेपणा नाय. लोकांनी पाट दुसरीकडे नेले. आमच्याकडे फक्त घरचा एक गणपती व्हायचा. अंग आई आणि मी करायचो आणि डोळे मी लहानमोठ्या मापांचे छापून डब्यात ठेवले होते, त्यातून काढून लावायचो. बाबा बघायचे, बरे इलेत म्हणायचे. वेताची काठी ते पुढे दाराच्या कडीत अडकवायला वापरत.

माझं मात्र झकास चाललं होतं, हेही लिहिलं पाहिजे. डोळ्यांच्या त्या अकरा जोड्यांनी मला वाट दाखवली. मी प्लास्टरचे डोळेमिटले चेहरे करायला लागलो आणि त्यांच्यावर उघडे डोळे चढवायला लागलो. माणसांचे, बायकांचे, चाळीतल्या म्हाताऱ्यांचे. लोकांनी नावाजलं. एका मोठ्या ठिकाणी प्रदर्शन झालं. छापून आलं की या डोळ्यांमध्ये एक अनामिक करुणा आहे. ती कुठून आली ते मला विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं. तेव्हा मी घरी येऊन ते कात्रण बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि करुणा म्हणजे काय ते आईला समजावून सांगितलं.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा बाबा अंथरुणाला टेकले होते. दोन्ही हात थरथरायचे, आवाजही. त्या वर्षी श्रावणात मी एक वीतभर गणपती केला, सगळा एकट्याने, आणि डोळ्यांची जागा पांढरी करून ठेवली. आखणीच्या सकाळी काळा रंग घोटला, आईकडून ब्रश मागून घेतला. बाबांना उशा लावून बसवलं. मूर्ती त्यांच्या मांडीशी ठेवली आणि म्हटलं, "बाबा, तुम्ही काढा. कसेही येऊ देत. वाकडे आले तरी चालतील मला."

त्यांनी ब्रशाकडे बघितलं, हातात घेतला नाही.

"किती वर्सां बघीत होतंस?" त्यांनी विचारलं.

"सहा," मी म्हणालो.

"मगे काढ."

मी अंघोळ केली होती, काही खाल्लं नव्हतं. ब्रश रंगात बुडवला. पापणी कुठून सुरू करायची ते मला माहीत होतं. ती कुठे संपते तेही. मधलं काही माहीत नव्हतं. श्वास कधी घ्यायचा, बोट कुठे सैल सोडायचं, ब्रश कधी आडवा करायचा, यातलं मी काहीच बघितलं नव्हतं. त्या सहा वर्षांत बाबा रेघ ओढत असायचे तेव्हा मी कॅमेऱ्याची रिंग फिरवत असायचो. माझी रेघ जाड आली आणि टोकाला फाटली.

"पूस," बाबा म्हणाले.

पुसली. पुन्हा काढली. आता बाबा माझा हात बघत होते, अगदी लक्ष देऊन, पहिल्यांदाच. तसं बघावं लागतं हे मला त्यांच्याकडे बघून कळलं.

"पूस."

पाच-सहा वेळा झालं असेल. पांढऱ्या जागेवर करडा डाग पडला. आई दारात उभी होती, ती आत निघून गेली. माझा हात धडधाकट होता, कसलीही थरथर नव्हती, आणि त्याला एक पापणी काढता येत नव्हती. मी ब्रश खाली ठेवला. म्हटलं, बाबा, तुम्ही माझा हात धरा, तुम्ही नुसता धरा.

बाबांनी हात पुढे केला. माझ्या मनगटावर ठेवला. तो इतका थरथरत होता की माझाही हात हलायला लागला.  मग त्यांनी हात मागे घेतला आणि चादरीखाली ठेवला.

"तुझ्याकडे ते फोटो असत मां?" ते म्हणाले. "ते लाय. येळ जाता."

मी उठून डबा काढला आणि ते लावले. मला तेवढंच येत होतं.